रेन ट्रीच्या पाच फळ्या

लेकीसाठी अभ्यासाचं टेबल मी स्वतः करणार, असं घरात जाहीर केलं ही माझी पहिली चूक. दुसरी, त्यासाठी तयार फळ्या न आणता ओंडका चिरून घ्यायचं ठरवलं. सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघून हात शिवशिवायचे, म्हणून मी शनिवारी सुतारकाम शिकायला जात होते. दोन स्टुलं बरी जमली आणि डोक्यात हवा गेली.

चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटपासून बसने वीस मिनिटांवर लाकडाची एक वखार आहे. तिचे मालक सत्तरीचे चिनी गृहस्थ. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी रेन ट्रीचा एक ओंडका माझ्यासमोर आऱ्यावर चढवला. पहिली फळी सुटली तेव्हा आतला तपकिरी गाभा ओला चमकत होता. मी तिच्यावरून हात फिरवत उभी राहिले.

दोन इंच जाडीच्या पाच फळ्या निघाल्या. एक इंच वाळायला एक वर्ष लागतं, तेव्हा इथल्या वाळवणीच्या भट्टीतच ठेवून जा, असं अंकलनी सांगितलं. मी म्हणाले, घरी वाळवेन, पंखा आहे. ते हसलेही नाहीत.

फळ्या घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये रचल्या, मध्ये वारा खेळावा म्हणून पट्ट्या घातल्या. चौथ्या दिवशी दारावर नोटीस, की वाटेतलं सामान हलवा. मग त्या आमच्या बेडरूममध्ये आल्या. पंख्याचं तोंड फळ्यांकडे आणि नवरा घामाघूम. पावसाच्या आठवड्यात त्यांच्यावर काळी बुरशी धरली. ती पुसली तर खाली पिठासारखी भुकटी दिसायला लागली. मी झाडून काढायचे, सकाळी पुन्हा तेवढीच. किडे आत बसून लाकूड खात होते. मी गुडघ्यावर बसून एकेका भोकात औषध भरत होते आणि नवरा दारात उभा होता.

"हे टेबल तिच्या लग्नात देणार आहेस का?" त्याने विचारलं.

मी पुढच्या भोकात औषध भरलं.

आठ महिन्यांनी पट्ट्या काढल्या तर पाचातल्या तीन फळ्या पिळलेल्या. जमिनीवर ठेवली की फळीचा एक कोपरा वर उठायचा, तो दाबला की दुसरा. मी क्लासमध्ये नेऊन रंधा मारत सुटले. बाक जाईना, जाडी मात्र जात राहिली. दोन इंचांची फळी पाऊण इंचावर आली तेव्हा शिक्षकांनी माझ्या हातातून रंधा काढून घेतला.

लेक तोवर जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. ती शांतपणे सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट बाय वन, लाह."

टेबल विकत आणलं. चपट्या खोक्यात आलं. नवऱ्याने तासाभरात जोडलं, मी स्क्रू हातात धरून बसले होते.

मग सगळ्या फळ्या अंकलकडे परत नेल्या. माझी चूक ते बोलून दाखवतील म्हणून मी आधीच चिडलेली होते. त्यांनी एक डोळा मिटून एकेक फळी निरखली.

"लांब ठेवू नकोस," ते म्हणाले. "आखूड कर. आखूड तुकड्यात बाक कमी राहतो."

पिळलेल्या तिन्ही फळ्यांचे तुकडे करून त्यांनी दिले. त्यातून बसायचं एक ठेंगणं बाकडं झालं. ते दाराशी आहे, लेक त्यावर बसून शाळेचे बूट घालते. जरा डुगडुगतं.

उरलेल्या दोन फळ्या अंकलनी मला न विचारता भट्टीत घातल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, वाळल्यात, घेऊन जा. नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.