अठराच्या हवेवर डोंगर

कोल्हापुरात पिकअप म्हटलं की लोकांना दुधाचे कॅन वाहणारी छोटी गाडी आठवते. माझी पिकअप तशी नाही. साडेपाच मीटर लांब, पुढे पाच माणसांची बंद केबिन, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना ताकद देणारा गिअर. ती घेतली तेव्हा माझे यजमान म्हणाले, "आपल्या गल्लीत वळत नाही, डोंगरात काय वळणार?" वर्षभर मी शिरोलीच्या आमच्या वर्कशॉपचा जड माल तिच्यातून वाहिला आणि उत्तर द्यायचं टाळलं. मेच्या अखेरीस ते द्यायची वेळ आली.

त्या सकाळी हौद्यात पिठाची गिरण होती. पन्हाळ्याच्या पलीकडे पठारावरच्या एका धनगरवाड्यासाठी आम्ही ती दुरुस्त केली होती. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) सांगाडा, दगड आणि मोटर मिळून अडीचशे किलो. वाड्यावर वीज पोचली आहे, गिरण नाही. बायका दळण डोक्यावर घेऊन तासभर उतरतात आणि दीड तास चढतात. बचत गटाने गिरण घ्यावी हे वाड्यावरच्या शेवंतामावशींनी सगळ्यांच्या गळी उतरवलं, पण ती घेऊन निघालेले दोन टेंपो अर्ध्या डोंगरातून परत आले. पाऊस लागला की वाट बंद होते, ती दिवाळीपर्यंत.

मावशी आदल्या दिवशीच कोल्हापुरात लेकीकडे येऊन राहिल्या होत्या. साठीच्या, सडपातळ, मे महिन्यातही खांद्यावर घोंगडं. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाघबिळाचा चढ लागला तेव्हा म्हणाल्या, "ताई, दोनदा माणसं गिरण उतरून घ्यायला थांबली आनि दोनदा हात हलवत घरी गेली. आज न्हाय गेली तर गटातनं मी माजं नाव काढून घेतो. तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

"जाईल," मी म्हणाले. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता, हे मी बोलून दाखवलं नाही.

डांबर संपतं त्या गावात पंक्चरचं एक दुकान आहे, शेजारी चहाची टपरी. दुकानाचे मालक बापू, पन्नाशीचे. मी त्यांना म्हणाले, "चारी चाकांची हवा बघा, वीसवर ठेवा." मऊ मातीत हवा कमी हवी. चाक पसरतं आणि जमीन धरतं. "व्हय की," बापू म्हणाले. आम्ही कांदाभजी खाल्ली, चहा घेतला. परत आलो तर बापू हात पुसत उभे. "जावा बिनघोर. पावण्यांच्या गाडीची चाकं कशी झाक झाल्यात बघा." हवा मोजायचा मीटर माझ्या डॅशबोर्डमध्येच होता. मी तो काढला नाही.

पुढे दगडगोट्यांची वाट सुरू झाली. मी सर्वांत हळू चालणारा गिअर टाकला आणि गाडी माणसाच्या चालीने चढू लागली. इतक्या लांब गाडीला अशा वाटेवर दोन गोष्टी सतत सांभाळाव्या लागतात. पुढची चाकं दगडावरून उतरली तरी पोट अजून वरच असतं, त्यामुळे दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही. आणि वळणावर मागची चाकं नेहमी आतल्या अंगाने जातात. भार मात्र फायद्याचा ठरला. अडीचशे किलो बिडाने मागची चाकं दाबून धरली होती. करवंदीच्या जाळ्या दोन्ही दारांवर ओरखडे काढत होत्या. मी आरसे मिटले. मावशींनी खिडकीतून हात काढून ओंजळभर करवंदं तोडली.

एका वळणावर गाडी एका दमात बसेना. मावशी खाली उतरल्या. "मी सांगतो, या मागं. या… या… बास. आता दरीच हाय." तीनदा मागे-पुढे केली, मग वळली.

त्यानंतर उताणी लागली. हे त्या चढाचं नाव (पाय सटकला की माणूस उताणा पडतो, म्हणून). तांबडी माती, वर कालच्या वळवाचा ओलावा. दोन्ही टेंपो इथूनच परतले होते. गाडी निम्म्यापर्यंत गेली, चारही चाकं जागेवर फिरली आणि मागचा भाग सावकाश दरीच्या बाजूला सरकू लागला. मी ब्रेक दाबून थांबले. वरून शेळ्या घेऊन एक गृहस्थ उतरत होते, वाड्यावरचेच तुकाराम.

"काकू, ह्यो तिसरा व्हय?" त्यांनी मावशींना विचारलं. "बैलं आणू काय?"

"तू शेळ्या बघ," मावशी म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं. "ताई, ह्ये चाकाखाली घाला."

"राहू द्या," मी म्हणाले आणि उतरून चाकं पाहिली. चिखल फक्त मधल्या पट्टीला लागला होता, कडा कोरड्या. म्हणजे चाक फुगून गोल झालं होतं, जमिनीला टेकत होतं ते बोटभर. मीटर लावला. बेचाळीस. बापूंनी हवा काढली नव्हती, भरली होती.

दगड शोधून चाकांना उटी (अडसर) लावली आणि किल्लीच्या टोकाने हवा सोडायला सुरुवात केली.

"आता पंक्चरबी केली," तुकाराम शेळ्यांना म्हणाले.

मावशी प्रत्येक चाकापाशी माझ्यामागे उभ्या राहत होत्या. वीसवर न थांबता मी हवा अठरापर्यंत उतरवली. चाकं खाली बसल्यासारखी दिसू लागली. मग उटी काढली, मावशी आत बसल्या, गाडी सरळ रेषेत वीस पावलं मागे घेतली आणि निघाले. पाय एकसारखा, वेग नाही, थांबणं नाही. एकदा पुढचं डावं चाक घसरलं, बाकी तिघांनी ओढून घेतलं. मातीचा रंग बदलला, खाली जांभा लागला आणि समोर एकदम आभाळ आलं. पठार.

मावशींनी मागे वळून हौद्यातल्या गिरणीकडे पाहिलं. "चढली की," त्या हळूच म्हणाल्या. मग खिडकीतून खाली ओरडल्या, "तुका, बैलं राहू दे तुझी. गिरण उतरायला ये."

आठ जणांनी गिरण उतरवली, तुकाराम त्यांत सर्वांत पुढे. तारा जोडायला तास गेला. टाकी लावलेल्या (छिन्नीने नव्याने खरबरीत केलेल्या) दगडाची कच पिठात येते म्हणून पहिलं दळण कोंबड्यांना गेलं. दुसरं नाचणीचं. मावशींनी चिमूटभर पीठ पाण्यात कालवलं आणि माझ्या बॉनेटवर बोटाने ओढलं. "पयला मान हिचा." गरम भाकरी, ताक आणि खर्डा (भाजून ठेचलेली हिरवी मिरची) असं जेवून मी एकटीच निघाले. रिकाम्या हौद्याने मागची बाजू उडत होती. उताणी मी ब्रेकला पाय न लावता, नुसत्या गिअरवर उतरले.

खाली दुकानापाशी बापूंनी बसलेली चाकं पाहून कपाळाला हात लावला. "कुनी काढली हवा?"

"मी. वीस सांगितली होती, तुम्ही बेचाळीस भरली."

"तुमी 'हवा बघा' म्हणालासा. हवा बघा म्हंजे भराच की. वीस म्हणालासा ते मला वाटलं चुकून." ते जरा थांबले. "मग गिरण?"

मी वाड्यावरून बांधून दिलेली भाकरी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तुकडा मोडून खाल्ला, सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. या वेळी मीटर मी धरला.

गाडीत ताकद पहिल्यापासून होती. अडलं ते हवेपाशी, आणि माझ्याच बोलण्यातल्या 'बघा'पाशी. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी विसरले. आता मी 'हवा उतरवा' म्हणते आणि मोजल्याशिवाय निघत नाही.

संध्याकाळी यजमान दारात उभे होते. गाडीभोवती फेरी मारून दारांवरचे ओरखडे त्यांनी मोजल्यासारखे पाहिले. मग बॉनेटपाशी थांबले.

"हे काय लागलंय?"

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर," मी म्हणाले.

त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. नाचणी होती.