ड्रमवाल्याची एकादशी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता ती ऐकून मला जाब विचारील असं कुणी उरलेलं नाही. कदाचित म्हणूनच आज लिहायची हिंमत होते आहे. पण सुरुवात त्याच्यापासून करतो. आमच्या ड्रमवाल्यासारखा ताल धरणारा माणूस ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि घड्याळाशी त्याच्याइतकं जन्माचं वैर असलेला माणूसही झाला नाही. त्याच्या मनगटाला घड्याळ नव्हतं, घरात नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी किती वाजले ते सांगितलं तर तो अशा दयेने बघायचा, की सांगणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

तेव्हा नवी मुंबई नव्हती. दिघ्याला रस्त्याच्या कडेला ट्रकदुरुस्तीचं एक पत्र्याचं गॅरेज होतं. माझ्या वडिलांना जवळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याकडून तिथे राहायला आलो होतो. मी ठाण्याला कॉलेजात जात होतो आणि रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकून माझं डोकं फिरलेलं होतं. गॅरेजवाल्याच्या भाच्याचंही फिरलेलं होतं. आम्ही दोघांनी सागाच्या फळ्यांना तारा ठोकून दोन गिटारी केल्या आणि त्या भजनी मंडळाच्या लाउडस्पीकरला जोडल्या. गाणं मी म्हणायचो. रेडिओवरच्या गाण्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत, तिथे मी स्वतःचं इंग्रजी घालायचो. ते कुणालाच कळत नसल्यामुळे निभावून जात असे. ड्रम वाजवायला मात्र माणूस मिळत नव्हता. एके दिवशी मिठाची गाडी बंद पडून गॅरेजात आली. गाडीवर गोणींच्या राशीत एक काळाकुट्ट, आडव्या हाडाचा, आमच्याच वयाचा तरुण बसला होता. गाडी दुरुस्त होईपर्यंत तो तिथल्या रिकाम्या तेलाच्या पिंपावर दोन हातांनी वाजवत राहिला. गाडी दुरुस्त झाली, निघून गेली, तो तिथेच राहिला.

तो खालच्या, खाडीकाठच्या आगरी गावातला. त्यांचं मिठागर होतं. गावातल्या हळदीत तो ढोल वाजवायचा. तोच ढोल, एक तेलाचं पिंप, आणि झांजेच्या जागी ट्रकच्या चाकाची टोपी, एवढ्यावर आमचा बीट ग्रुप उभा राहिला. मोठ्या ग्रुपांत चार जण असतात असं ऐकून आम्ही नाव ठेवलं ‘द फोर थंडर्स’. होतो तिघेच. चौथा कोण, असं कुणी विचारलं, की ड्रमवाला गॅरेजातल्या खरजुल्या कुत्र्याकडे शांतपणे बोट दाखवायचा.

त्याच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. वाजवताना पायात काही घालायचा नाही, कारण उजव्या पायाचा अंगठा तो ढोलाच्या कातड्यावर दाबून आवाज चढवायचा आणि उतरवायचा. खाडीच्या दमट हवेने कातडं सैल पडलं, की गाण्याच्या मध्येच उठून पेंढा पेटवायचा आणि ढोल त्यावर शेकायचा. गॅरेजात पेट्रोल सांडलेलं असे. गॅरेजवाला बादली घेऊन धावत यायचा आणि एवढंच म्हणायचा, की आम्ही तिघं मेलो तरी चालेल, पण आतली गाडी गिऱ्हाइकाची आहे. सराव चालू असताना त्याला भूक लागायची. मग भाकरी आणि सुका जवळा काढून बसायचा आणि तेच हात घेऊन माझ्या गिटारीच्या तारा तपासायला यायचा. माझी आई सुक्या मासळीच्या वासाने त्या गिटारीला घरात घेत नसे. वन, टू, थ्री, फोर म्हणून सुरुवात करायला मी त्याला महिनाभर शिकवलं. तो म्हणाला, “तू गानं चालू कर, मी येतंव.” आणि खरंच यायचा, दर वेळी अशा जागी, की गाणं मागून कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटे.

पण त्याचं खरं डोकं पाण्याचं होतं. वार आणि तारखा त्याला कळत नसत. कळून घ्यायच्याही नसत. तो तिथी मोजायचा. आजोबांनी शिकवलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पंचांग त्याच्या घरात नव्हतं आणि त्याला वाचताही येत नव्हतं. अमावास्येपासून तो नुसता मनात मोजत जायचा. गॅरेजचं दार बंद असताना वाजवता वाजवता थांबून म्हणायचा, पाणी वळलं. सुरुवातीला आम्ही खाडीपर्यंत पळत जाऊन बघून यायचो. वळलेलं असायचं. पुढे बघायला जाणं सोडून दिलं. गावातल्या सगळ्या मिठागरांची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं दार, त्याच्या सांगण्यावरून उघडायची आणि बंद व्हायची. विशीतल्या पोराला म्हातारी माणसं घरी येऊन विचारायची, उधाण कधी, बांधावर राखण किती दिवस ठेवायची. ते कौतुकाने त्याला भरतीचा भट म्हणत. आमच्या सरावाच्या वेळाही तिथीनेच ठरत. गॅरेजातल्या तेलकट कॅलेंडरवर तारखेखाली बारीक अक्षरात तिथी असे. कार्यक्रमाची तारीख ठरली, की तिची तिथी बघून त्याला सांगायचं काम माझं, कारण आम्हा तिघांत शिकलेला मी.

तर एकदा मुंबईत बीट ग्रुपांची स्पर्धा होती. ती भरवणारे एक गृहस्थ आधी आम्हाला ऐकायला गॅरेजात आले. त्यांनी नाकाला रुमाल लावून सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की गाणं ठीक आहे, पण मागे ते पिंप आणि ते अनवाणी ध्यान घेऊन स्टेजवर येऊ नका, लोक हसतील. दादरच्या एका मुलाकडे परदेशी ड्रमसेट आहे, तो घ्या. मी हो म्हणालो. ताबडतोब म्हणालो. विचार करायला वेळ मागितला असता तरी पुढे काही सांगायला जागा राहिली असती.

भाच्याचं म्हणणं होतं, की त्याला सरळ सांगावं, तो चिडेल, दोन शिव्या देईल, आणि संध्याकाळी जवळा घेऊन परत येईल. मला ते जमलं नाही. त्याचं तोंड पडलेलं मला बघायचं नव्हतं. मी दयाळू होतो असं कुणी समजू नये. मला फक्त त्या वेळी तिथे हजर राहायचं नव्हतं. कार्यक्रम चैत्रातल्या दशमीला होता. त्याने विचारलं तेव्हा मी कॅलेंडरसमोर उभा राहिलो, दशमीच्या घरावर माझं बोट होतं, आणि मी म्हणालो, “एकादशी.”

तो खूश झाला. म्हणाला, “अकादसला सव्वाआटाची भरती. होरीनं पलीकडं जातंव. ढोल भिजाचा नाय.” बसचा कंडक्टर पिंप घेऊ देत नसे, म्हणून त्याने होडीचा बेत केला होता. आम्ही बसने जाऊ आणि तिथेच भेटू, असं ठरलं. माझ्या खोटेपणाला हे फारच सोयीचं झालं.

दशमीला आम्ही वाजवलं. दादरचा मुलगा घड्याळासारखा वाजवत होता. गाणं मात्र उभं राहिलंच नाही. दुसऱ्या कडव्यापाशी लोक चहाला उठायला लागले. नंबर आला नाही. परतताना भाचा बसमध्ये माझ्यापासून दूर जाऊन बसला. पुढे महिन्याभरात तो गॅरेज सोडून गेला आणि मला पुन्हा कधी भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळच्या भरतीला ड्रमवाला खाडी ओलांडून गेला. अंगात हळदीला घालायचा पिवळा सदरा, आणि कुणाकडून तरी मागून आणलेले बूट. माझी लाज राहावी म्हणून घातलेले. ते त्याला होत नव्हते, हे मला त्याच्या टाचांवरून नंतर कळलं. सभागृहाच्या पायरीवर तो दुपारपर्यंत आमची वाट बघत बसला. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, की ते काल झालं. परतताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाण्याची वाट बघितली नाही. ओहोटीतच निघाला. होडी गाळात रुतली. पिंप तिथेच टाकून तो ढोल डोक्यावर घेऊन मांडीभर चिखलातून चालत आला आणि मध्ये कुठेतरी पडला. खाऱ्या पाण्याने ढोलाचं कातडं गेलं.

पुढच्या सकाळी तो गॅरेजात आला. मी बाकड्यावर बसलो होतो. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि खाली बघत म्हणाला, “माजी तिथी चुकली रं. काल माना अकादस वाटली, ती बारस व्हती. तुमी दोगंच वाजवलं का?”

मी काय म्हणालो ते लिहायला साठ वर्षं लागली. मी म्हणालो, “असू दे. होतं कधी कधी.”

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. तरुणपणी माणसं याहून मोठी खोटी बोलतात आणि सुखाने म्हातारी होतात. पण तो प्रामाणिक माणूस होता. आपण एका दिवसाने मागे पडलो आहोत, असं कळल्यावर त्याने आपला हिशेब दुरुस्त केला. एक दिवस पुढे सरकवला. म्हणजे त्याची पुनव खऱ्या पुनवेच्या आदल्या दिवशी आली. पाणी त्याला खरं सांगत असणारच. पाऊण तासाचा फरक त्याच्या नजरेतून सुटणारा नव्हता. पण त्याने पाण्यापेक्षा लिहितावाचता येणाऱ्या मित्राचं खरं मानलं. पुनवेनंतर दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं असतं. त्याने आपल्या हिशेबाने गावाला सांगितलं, की मोठं पाणी येऊन गेलं, राखण उठवा. लोकांनी उठवली. दुसऱ्या दुपारी सगळी जेवायला घरी असताना खरं मोठं पाणी बांधावरून आलं. मिठागरांच्या कडेने हंगामाचं मीठ रचून ठेवलेलं होतं. मी बघायला गेलो तेव्हा राशींच्या जागी नुसतं पाणी होतं, वरून तकतकीत, आणि कडेला बायका उभ्या होत्या. तो त्या पाण्यात छातीपर्यंत उतरून उघाडी ओढत होता. आता उघडून काही उपयोग नव्हता. त्याला कुणी बाहेर बोलावत नव्हतं. मीही बोलावलं नाही.

त्यानंतर त्याला कुणी पाणी विचारलं नाही. त्याने ढोल पुन्हा मढवला नाही. गावात तो कुठूनही चालला, तरी पारावरून कुणीतरी हाक मारायचं, “काय भटजी, आज अकादस का बारस?” तोही हसायचा. ही थट्टा चाळीस वर्षं चालली. ज्यांनी ती सुरू केली ते मेले, आणि त्यांच्या नातवंडांना ती का करतात हे ठाऊकही नव्हतं.

मी बेलापूरला सरकारी कार्यालयात कारकून झालो. मिठागरांच्या जागी रस्ते आणि इमारती आल्या. एक दिवस जमिनीचे कागद घेऊन तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला आणि सगळ्या ऑफिससमोर मला मिठी मारून म्हणाला, की हा आमचा हिरो, असं इंग्लिश गातो की साहेबाला पण कळणार नाही. माझा फोन नंबर त्याने मुलाकडून लिहून घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले. रोज सकाळी, मी दाढी करत असताना. फक्त एकच प्रश्न, आज काय? मी वार, तारीख, तिथी सांगायचो. तो तीनही म्हणून दाखवायचा आणि फोन ठेवायचा. त्याच्या घरात प्रत्येक खोलीत कॅलेंडर होतं. मुलांच्या लग्नाच्या तारखा मी काढल्या. त्याच्या नव्या इमारतीच्या वास्तुशांतीला भटजींनी दिवस सांगितला, तर त्याने सर्वांदेखत त्यांना थांबवलं आणि मला फोन लावला, म्हणाला, आमचा सातारकर हो म्हणला तर हो. भटजी अर्धा तास रुसून बसले होते. माझ्या घरात हा विनोद झाला होता. फोन वाजला, की बायको म्हणायची, घ्या, तुमचं पंचांग आलं. मीही हसायचो. सत्तावीस वर्षं मी त्याला रोज अगदी बरोबर तिथी सांगितली.

गेल्या वर्षी फोन यायचे थांबले. आठवडाभर वाट बघून मी माझ्या खांदेश्वरच्या घरून त्याच्याकडे निघालो. त्याची सून दार उघडून म्हणाली, “काका, बरं झालं आलात. बाबा कुनाला वलकत नाय आता, पन बगा.” तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. खाली, पूर्वी जिथे उघाडी होती तिथे, सोसायटीची पार्किंग होती. त्याने मला लगेच ओळखलं. सुनेला चहा टाकायला लावलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते हात अजून तसेच होते, राठ.

मी बोलायला सुरुवात करणार तोच तो म्हणाला, “माज्यामुलं तुमचा खेल बुरला. तुमी रेडिओवर गेलं असतं. माना एक तिथी नाय मोजता आली. तू एकदा पन बोलला नाय माना. येवरा मोठा मानूस. माना माफ कर.”

सून चहा घेऊन दारात उभी राहिली होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. सुनेसमोर नको, चहा झाल्यावर सांगू, असं मी मनाशी म्हणालो. आणि त्याला म्हणालो, “केलं माफ. केव्हाच केलं.”

त्याने हात सोडला. इतका हलका झालेला मी त्याला कधी बघितला नव्हता. तो चहा प्यायला, थोडा हसला, आणि खुर्चीतच झोपी गेला. मी बराच वेळ बसून होतो. मग उठलो. पुढच्या पंधरवड्यात तो गेला.

त्या दिवशी घरून निघताना मी एक वाक्य पाठ करून नेलं होतं. रिक्षात दोनदा म्हणून पाहिलं होतं. ते असं होतं: तू चुकला नव्हतास. कार्यक्रम दशमीलाच होता, मला माहीत होतं, मी तुला खोटं सांगितलं. तुझी एकादशी बरोबर होती. माफी तू नको मागूस, मी मागतो.