शंकासुराचा सूड

काकांच्या मेडिकलमध्ये दोन माणसं समोरासमोर आली की एकाला पोट आत घ्यावं लागायचं, आणि पोट आत घेणारी नेहमी तीच असायची. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर दोन्ही घरांच्या चुली त्या एकाच दुकानावर पेटत होत्या. त्यामुळे शाळा सुटली की तिनं काउंटरमागे उभं राहायचं हे कुणी ठरवलं नव्हतं आणि ठरवायची गरजही पडली नव्हती. भिंतीवर काचेच्या चौकटीत एका फार्मसिस्टचं प्रमाणपत्र लटकत होतं. ते होतं म्हाताऱ्या मास्तरांचं. मास्तरांना त्या दुकानात गोळी देताना कुणी कधी पाहिलं नाही. ते अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, सह्या ठोकायचे आणि पेपर काखोटीला मारून निघून जायचे. औषधं द्यायचे ते काका. शिकलेले जेमतेम दुकानाची पाटी वाचता येण्यापुरते, पण आवाज असा की समोरच्याला वाटावं, डॉक्टर यांनाच विचारून चिठ्ठी लिहीत असतील.

ती सोळा वर्षांची असतानाची गोष्ट. गल्लीतल्या शिवणवाल्या बाई संध्याकाळच्या गर्दीत बीपीच्या गोळ्या घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मशीनवरच मान टाकून पडल्या. पाकिटात निघाल्या शुगरच्या गोळ्या. बाईंना शुगरचा आजार नव्हताच, त्यामुळे अंगात होती तेवढीही साखर त्या गोळीनं उतरवली. दवाखान्यात सलाइन लागलं, बाई वाचल्या, आणि दुपारी त्यांचे यजमान ते पाकीट नाचवत दुकानात आले.

काकांनी पाकीट पाहिलं. मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"काल तूच दिल्यास ना गं?"

खालच्या खणातून बीपीची स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवल्याचं तिला आठवत होतं. पाकिटात ती कुणी भरली ते आठवत नव्हतं. पण काकांच्या आवाजात इतकी खात्री होती की ऐकता ऐकता तिला स्वतःचाच हात दिसायला लागला, पाकिटाचं तोंड उघडून आत भलतीच स्ट्रिप सरकवणारा.

"असेल," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर खापर फुटलं. काकांनी तिला सगळ्यांदेखत झापलं, आईला घरून बोलावून घेतलं, आणि आईनं शिवणवाल्या बाईंच्या यजमानांपुढे हात जोडले. "पोर आहे हो, चुकली." दुकान वाचलं. पोर काही वाचली नाही. पुढे तिला फक्त बाटल्या पुसायला ठेवलं, तरी गिऱ्हाइकं लांबूनच सांगायची, "हिच्या हातचं नको हं, तुम्ही द्या." ती पुसलेल्या बाटलीचं लेबलही तीनतीनदा वाचायला लागली. घरी कडी लावली की नाही म्हणून अंथरुणातून उठायला लागली. काकांना हे फारच गमतीचं वाटलं. त्यांनी तिचं नाव शंकासूर ठेवलं आणि गल्लीभर वाटलं.

बारावीनंतर तिनं फार्मसीला जायचं म्हटलं तेव्हा काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जा जा! तू मेडिकल काढ, मी शेजारी रुग्णवाहिका उभी करतो. दोघांचंही बरं चालेल."

आई हसली नाही. तिनं जे म्हटलं ते जास्त लागलं. "तुझ्या हातून ते व्हायचं नाही गं. एकदा झालंय तेवढं पुरे. टायपिंग शीक, नाहीतर आणखी काही शीक."

कुणी सेवेसाठी फार्मसिस्ट होतो, कुणी पगारासाठी. ती झाली काकांचं थोबाड बंद करण्यासाठी, आणि हे ती स्वतःशी कधीच लपवत नव्हती. शिकवण्या घेऊन तिनं फी भरली. पुस्तकाची पानं ती अशी उलटायची की शेजारी बसलेली मैत्रीण म्हणायची, "अगं, फाटेल ते." तोंडी परीक्षेला समोरच्या खुर्चीत काका बसलेत असं समजून उत्तरं द्यायची. एकदा परीक्षकच बिचारे खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "बाई, मी फक्त विचारतोय."

पण राग कितीही असला तरी तराजूपुढे तो कामाला येत नसे. पहिल्या प्रात्यक्षिकाला तिनं पावडर तोलली, शंका आली म्हणून पुन्हा तोलली, पुन्हा शंका आली. तिसऱ्यांदा तोलायला गेली तर पावडर ओट्यावर सांडली आणि वेळ संपली. नापास. बेसिनपाशी तोंड धुण्याच्या निमित्तानं ती रडत होती, तिथे प्रयोगशाळेच्या बाई आल्या. या बाईंना हसताना कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं.

"चूक होईल म्हणून घाबरतेस?"

"झालीये आधीच, बाई." आणि तिनं शिवणवाल्या बाईंची सगळी हकीकत सांगून टाकली.

बाईंनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. "ती गोळी तू दिलीस की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ते राहू दे. लेबलवर बोट ठेवायचं, मोठ्यानं वाचायचं, बाटली खाली ठेवायची. मग देव आला तरी पुन्हा उचलायची नाही. शंकेला एक फेरी द्यायची, तीन नाही. आणि आता नळ बंद कर."

तिनं नळ बंद केला. पुढच्या परीक्षेला ती इतक्या मोठ्यानं लेबलं वाचत होती की शेजारच्यांनी तक्रार केली, पण ती पास झाली. शंका काही गेली नाही. रोज सकाळी तिच्याआधी उठून बसायची. फक्त आता तिला एकच फेरी मिळायची.

कोर्स संपला, नाव नोंदलं गेलं, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात तिला नोकरी लागली. तिच्या खिडकीपुढची रांग सगळ्यात हळू सरकायची. लोक कुरकुरायचे, पण तिथून गेलेलं औषध कधी परत यायचं नाही. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी तिला सर्वांत वरच्या फळीवरचा खोका हवा होता. तिनं पायऱ्यांचं स्टूल ओढलं, दुसऱ्या पायरीवर चढली आणि खोक्याला हात लावला. शुगरच्या गोळ्या होत्या. हात तिथेच थांबला.

काकांच्या दुकानातही शुगरच्या गोळ्या सर्वांत वरच्या खणात असायच्या. काका ताडमाड उंच, त्यांचा हात सहज पोचायचा. स्टूल ठेवायला त्या दुकानात जागाच नव्हती. सोळा वर्षांची ती टाचा उंचावून उभी राहिली तरी तिची बोटं त्याच्या खालच्या खणाशीच संपायची. शुगरचं कुणी मागितलं की ती ओरडायची, "काका, शुगर!" आणि काका काढून द्यायचे. म्हणजे ती स्ट्रिप तिनं काढलेलीच नव्हती.

खोका छातीशी धरून ती खाली उतरली. इतकी वर्षं रात्री उठून कड्या तपासल्या त्या कुणासाठी? आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. काका समोर असते तर तिनं तो खोका त्यांच्या डोक्यात घातला असता.

संध्याकाळी ती आईला हे सगळं सांगायला बसली. आई भाजी निवडत होती. "जुनं कशाला उकरतेस?" एवढंच म्हणून तिनं भाजी धुवायला घेतली. आणि शंकासूर तो शंकासूरच. झोपेपर्यंत तिला नवी शंका आली. काकांनी दुसऱ्या कुणासाठी ती स्ट्रिप वरून काढली असेल, ती काउंटरवर पडली असेल, आणि घाईत आपणच ती उचलून पाकिटात भरली असेल तर? खण, उंची, स्टूल सगळं जागच्या जागी होतं, तरी मन काही केल्या निकाल देईना. तिला ते काकांच्या तोंडून हवं होतं. आणि आईसमोर हवं होतं. शिवणवाल्या बाई कधीच मुलीकडे राहायला गेल्या होत्या, गल्ली विसरून गेली होती. तिला दोषी समजणारी उरली होती ती एकटी आईच.

संधी आपल्या पायांनी चालत आली. मास्तर थकले आणि चौकट उतरवून, काखोटीला मारून, परगावी मुलाकडे गेले. पाठोपाठ तपासणीवाले दुकानात आले. फार्मसिस्ट कोण, म्हणाले. काका आवाज चढवून बघत होते तोवर शटर खाली आलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी काका फळांची पिशवी घेऊन घरी हजर. बराच वेळ ते हवापाण्याचं बोलत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय जुनीच.

"काका, काम काय आहे?" तिनं विचारलं.

"काम कसलं? घरचं दुकान, घरची फार्मसिस्ट. तुझी चौकट तिथे लावू म्हणतो. तू बसायलाच पाहिजे असं नाही. मास्तर तरी कुठे बसायचे?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या म्हणीत गाढव आपण होतो हे तिच्या लक्षात आलं, पण त्या दिवशी गाढव व्हायलाही तिची ना नव्हती.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "शिवणवाल्या बाईंची गोळी कुणी दिली, ते आईसमोर सांगा. दुकानात उभं राहून सांगा. मग मी विचार करीन."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई फळं पाटीत काढून ठेवत होती, तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं दुकानात शिरली. शटर अर्ध्यावर ठेवलं होतं, म्हणून काकांना वाकून यावं लागलं. तेवढ्यानंही तिला बरं वाटलं. चौकटीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उमटलेला होता. आत आल्यावर पोट आत घेतलं ते या वेळी काकांनी.

"बोला."

"बोलायचं काय त्यात... हो, मीच दिली होती." काका काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिले. "चष्मा नवा होता, गिऱ्हाइकांसमोर लावायची लाज वाटायची. दोन स्ट्रिपा सारख्याच दिसल्या. तू बरोबर काढून ठेवली होतीस, मीच वरच्या खणातून काढलेली दुसरी भरली. झालं समाधान?"

झालं. काका शटरखालून येणाऱ्या उजेडात म्हातारे दिसत होते आणि तिला त्यांची अजिबात दया आली नाही.

"चल, आता चौकट आण," काका म्हणाले.

"विचार करीन म्हणाले होते. केला. नाही आणणार."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरा फार्मसिस्ट शोधा. मिळेल एखादा. रुग्णवाहिका ठेवा शेजारी, तोवर उपयोगी पडेल."

काका लालबुंद झाले. "माझ्या अन्नावर वाढलीस आणि मलाच...! मोठी आलीस मला पिंजऱ्यात उभं करणारी! या तुझ्या आईला विचार ना! त्याच संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं. विचार तिला!"

तिनं आईकडे वळून पाहिलं. काका खोटं बोलतायत हे ऐकायला ती थांबली. आई त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होती.

घरी परतताना रस्त्यात आईच आधी बोलली.

"भाऊजींवर आलं असतं तर दुकान गेलं असतं गं. मग खायचं काय होतं आपण? तू पोर होतीस. पोरीचं लोक विसरतात."

"मी नाही विसरले."

"हो ना. तेवढं चुकलं."

"आणि तुझ्या हातून व्हायचं नाही, असं का म्हणायचीस? तुला तर माहीत होतं."

आई चालता चालता क्षणभर थांबली. "तू शिकलीस तर एक ना एक दिवस तुला कळेल, म्हणून."

घरी आल्यावर स्वयंपाक झाला, जेवणं झाली. आईला आता बीपीची एक आणि झोपेची एक अशा दोन गोळ्या होत्या, आणि जेवणानंतर त्या काढून हातावर ठेवायचं काम तिचं होतं. आईनं सवयीनं हात पुढे केला. तिनं औषधांचा डबा उचलला आणि तसाच आईपुढे ठेवला.

"तुझी तू घे."

आईनं डबा उघडला. एक स्ट्रिप उचलली, दिव्याकडे धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. खाली ठेवून दुसरी उचलली. मग पुन्हा पहिली. गोळी फोडून तळहातावर घेतली, तरी तोंडात टाकेना.

"हीच ना गं बीपीची?"

ती ताटं विसळत होती. मान वळवून तिनं आईच्या हाताकडे पाहिलं. गोळी बरोबर होती. ती पुन्हा ताटं विसळायला लागली.