चंदनसारच्या जिन्यातली भेग

"भिंत हीच कथा आहे आणि काळ हा तिचा नायक," असं ऋतुजा म्हणाली, तेव्हा मी त्याच भिंतीतल्या भेगेची रुंदी मोजत होतो.

विरार पूर्वेला, चंदनसारमधली चार मजली इमारत. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. चोवीस कुटुंबांनी घरं रिकामी करायची का, एवढंच मला सांगायचं होतं. थांबलेली भेग बुजवता येते. वाढती भेग म्हणजे पाया खचत असण्याची शंका.

सेक्रेटरी दिगंबरकाकांनी भिंतीवर पेन्सिलीने तीन खुणा केल्या होत्या, प्रत्येकीपुढे तारीख.

"बघा साहेब, सा महिन्यांत पाच फूट वर चढली. आनि सोसायटीतले बोलतात, नुसतं प्लास्टर सुकलंय!"

पाच फूट ऐकून मी मोजपट्टी खाली ठेवली. एरवी आम्ही भेगेवर काचेची पट्टी चिकटवतो. भिंत हलली की काच तडकते. पण त्याला महिने लागतात. तोवर माणसं आत ठेवायची कोणाच्या भरवशावर? मनातल्या मनात मी लिहायला घेतलं, 'इमारत रिकामी करावी.'

"माझ्याकडे वर्षभराचं फुटेज आहे," ऋतुजा म्हणाली. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि प्रायोगिक फिल्म करत होती. जिन्यात तिरपं ऊन येतं तो दुपारचा तास, रोज, एकाच जागेवरून. गोष्ट नाही, पात्रं नाहीत. फक्त अवकाश.

"कसला अवकाश? जिना हाय तो," काका म्हणाले.

आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. पहिल्या दिवसाच्या उन्हात भेग स्वच्छ दिसत होती, जमिनीपासून छतापर्यंत. शेवटच्या दिवशीही तेवढीच. मधे तीनदा काका आले होते. पहिल्यांदा चवड्यांवर उभे राहून, मग स्टुलावर, मग शिडीवर. नजर पोचली तिथे खूण.

"काका, चष्मा कुठे होता?"

"लांबचा ना? घरी रायला."

"हे शॉट मी कापणारच होते," ऋतुजा म्हणाली. "माणूस आला की वास्तूची शुद्धता जाते."

मी कधी नव्हे ते देवाचे आभार मानले, तिच्या आळसाबद्दल.

तरी प्लास्टर फोडून पाहिलं. आतली वीट शाबूत होती. काचेची पट्टीही लावली. चार महिन्यांनंतरही ती अखंड होती. रिपोर्टमध्ये 'दुरुस्ती' एवढंच लिहिलं. कोणी घर सोडलं नाही. तेव्हापासून भेग किती वाढली हे विचारण्याआधी, मोजणारा कशावर उभा होता ते मी विचारतो.

फिल्म सोसायटीच्या गच्चीवर दाखवली. नायक कोणाच्या लक्षात आला नाही. काकांनी काम छान केलंय, असं सगळ्यांचं मत पडलं.