दादांचं वाक्य कोण खोडणार

शिवाजी पेठेत बाळासोचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पण लोक त्याला ओळखतात ते एक्क्याण्णवच्या फुटबॉल फायनलमुळे. तो गोलकीपर, त्याच्या हातून चेंडू सुटला आणि आमचा क्लब हरला. तो चेंडू कॅप्टन हंबीररावदादांनीच मागे न बघता जोरात त्याच्याकडे मारला होता, हे पेठ सोयीनं विसरली. बाळासोही कधी बोलला नाही. दादांचं नाव घ्यायचं कसं?

२००९ साली क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं. लिहिणार तिघं. बाळासो इथं, हंबीरराव पेठ वडगाव या गावी त्यांच्या खताच्या दुकानात, आणि आमचा जुना खेळाडू मृत्युंजय नोकरीमुळे बेंगळुरूला. त्यानं इंटरनेटवरच्या दोन सोयी सुचवल्या. एकीत एक जण लिहीत असेपर्यंत बाकीच्यांना कुलूप. दुसरीत सगळ्यांनी एकदम लिहायचं, आणि प्रत्येकाचं अक्षर न् अक्षर सगळ्यांना दिसायचं. त्याला पहिली पसंत होती.

बाळासो म्हणाला, "एकानं बोलायचं आन बाकीच्यांनी गप बसायचं? पेठंत असं कधी झालंय व्हय?"

दुसरी ठरली. आणि घोळ झाला. हंबीरराव वयानं मोठे, त्यांचं चुकलेलं वाक्य खोडायला कुणाचा हात धजेना. मग प्रत्येकानं आपलं खरं त्याखाली लिहिलं. क्लबची स्थापना तीन वेगवेगळ्या साली झाली. बाळासोला त्याचं काही नव्हतं. त्याला फायनलचं पान तेवढं खरं छापून हवं होतं.

त्या दुपारी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत मी त्याच्या शेजारी बसलो होतो. फायनलच्या पानावर हंबीररावांची अक्षरं उमटू लागली. 'चेंडू मी मागे दिला तो जरा', आणि थांबली. मग एकेक करून पुसली गेली. त्या जागी आलं, 'चेंडू बाळासोच्या हातून सुटला.'

बाळासोनं फोन लावला. "दादा, मी हितंच बसलोय."

"तुला दिसतंय व्हय?"

"समदं दिसतंय की."

पलीकडं दादांनी आधी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग, "खोड तू."

"तुमचं वाक्य मी कसं खोडू, दादा?"

फोन चालू असतानाच हंबीररावांनी ते स्वतः खोडलं. दुसरं मात्र लिहिलं नाही. बाळासोनंही लिहिलं नाही, मी कोपरानं ढोसत होतो तरी. स्मरणिकेत छापलंय ते एवढंच, 'अंतिम सामना आपण एका गोलने हरलो.' मला याचा अजून राग येतो.

तालमीच्या कट्ट्यावर आजही कुणीतरी काडी टाकतं, "बाळासो, त्या दिवशी चेंडू सुटला कसा रं?" पूर्वी तो उठून जायचा. आता बसून राहतो, चहा संपेपर्यंत.