नरसिंहाच्या ओठाचा कोपरा

आमच्या खालच्या मजल्यावर लाकडी खेळणी करणारे भाऊ राहतात. माणूस इतका मवाळ, की खिळा ठोकण्याआधी त्याची माफी मागत असावा. पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. तिथे दशावतारांचे संच तयार होतात. मासा, कासव, वराह, सगळे गुबगुबीत आणि सगळे हसरे. त्यांचा नरसिंह तर इतका लाघवी, की गिऱ्हाईकं "तो वाघोबा सुटा मिळेल का?" असं विचारतात.

भाऊंना ते फार लागायचं. एकदा मला म्हणाले, "काकू, जन्मभराचं काम पोरांनी चघळून संपवलं हो. एक तरी मूर्ती अशी व्हावी, की लोकांनी तिला हात जोडावेत."

आणि खरोखरच तशी संधी आली. जवळच्या देवळात, भिंतीच्या कोनाड्यात, जुना दगडी नरसिंह होता. मांडीवर आडवा पाडलेला हिरण्यकशिपू, बाजूला हात जोडलेला छोटा प्रल्हाद. नरसिंहाचा जबडा मात्र इतका झिजलेला, की देव गर्जना करतोय की जांभई देतोय, ते कळू नये. त्याच्या जागी लाकडी मूर्ती बसवायचं ठरलं आणि देवळाचे कारभारी भाऊंकडे आले.

"पण उग्र हवा," त्यांनी बजावलं. "तुमचा वाघोबा निघाला, तर मी सरळ दुकानातून तयार मूर्ती आणीन."

भाऊंनी जीव ओतला. आयाळीची वळणं, नखं, राक्षसाची लोंबणारी मान, बाजूचा प्रल्हाद, सगळं झकास उतरलं. चेहऱ्याशी मात्र घोडं अडलं. सकाळी उग्र दिसणारा देव संध्याकाळपर्यंत हसायला लागे. भाऊ तो तासून पुन्हा करत, पुन्हा तेच.

"समोर रागीट चेहरा नाही, म्हणून असं होतंय," असं ठरवून त्यांनी थोरल्या बहिणीला बोलावलं. ह्या बाईंचा राग असा, की दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून पळतो. त्या आल्या, स्टुलावर बसल्या, केस चापूनचोपून नीट केले आणि दुपारभर लाजत हसत राहिल्या.

"अहो वन्सं, चिडा ना जरा!" भाऊंच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या.

"वा गं! देवळात जायचंय माझं तोंड. बरं नको दिसायला?"

खरं कारण शेवटी वहिनींनीच हुडकलं. दाराआडून त्या नवऱ्याचा हात बघत राहिल्या. ओठाच्या कोपऱ्यावरचा शेवटचा घाव घालताना भाऊंचं मनगट आपोआप वर वळत होतं. इतक्या वर्षांची सवय; हाताला दुसरं येतच नव्हतं.

"अहो, गेला की वर!"

"कोण गेला?"

"ओठ! आणि ऐका, आता आणखी एकदा तासलंत तर सिंहाचं मांजर होईल. लाकूड उरलंय कुठे?"

म्हणजे ही शेवटची खेप. वहिनी पदर खोचून पहाऱ्याला उभ्या राहिल्या. मीही खाली जाऊन स्टुलावर बसले. असा तमाशा कोण सोडतो? डावा कोपरा झाला. मनगट वळणार तोच वहिनींनी ते धरलं. "बास! हात लावू नका." ओठ खालीच राहिला आणि देव असा खवळलेला दिसला, की मीच जरा मागे सरकले.

भाऊंनी पटाशी उजव्या कोपऱ्यावर टेकवली आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. वहिनी कडी काढायला वळल्या. तेवढ्यानं घात केला.

कारभारी आत आले. डाव्या बाजूनं पाहिलं. "वा! याला म्हणतात नरसिंह." मग उजवीकडे गेले. "हे काय? हा तर हसतोय!"

भाऊंचा चेहरा उतरला. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"हसणारच," वहिनी म्हणाल्या. "राक्षसाचं डोकं कुठल्या बाजूला आहे? डावीकडे. तिकडे राग. आणि पोरगं कुठे उभं आहे?"

"उजवीकडे," कारभारी म्हणाले.

"मग ज्या लेकरासाठी देव खांब फोडून आला, त्याच्यावरही डोळे वटारील का?"

कारभारी डावीकडे गेले, उजवीकडे आले, पुन्हा डावीकडे गेले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण वहिनींकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

"मूर्ती कोनाड्यात जरा पुढे घ्यावी लागेल," अखेर कारभारी म्हणाले. "दोन्हीकडून दिसली पाहिजे."

मूर्ती बसली. भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून देवळात गेले आणि गर्दीत मागे उभे राहिले. लोक डावीकडून नमस्कार करत होते, उजवीकडून करत होते. पुढे उभे राहून कारभारी सगळ्यांना समजावत होते, "एकाच चेहऱ्यावर राग आणि हसू, ही कल्पना माझी. कारागिराला मीच तसं सांगितलं होतं."

भाऊ घरी आले ते पाय आपटत. लगेच खालून वहिनींची हाक आली, "काकू, धावत या! हे चिडलेत! खरंच चिडलेत!"

मी गुडघे सांभाळत जिना उतरले, पण उशीर झाला. दारात पोचले तेव्हा भाऊ पोट धरून हसत होते.