तीर्थ पाजलेली बॅटरी

तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची एक वेगळी खोली होती आणि वैद्यनाथरावांची सगळी नोकरी त्या खोलीत गेली. आम्लाने त्यांच्या विजारींना भोकं पडली, पण वीज गेली म्हणून गावाचे फोन कधी मुके झाले नाहीत. निवृत्तीनंतर राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाची स्कूटर सुरू होईना, तर लोक मेकॅनिकच्या आधी त्यांचं दार ठोठावत. बॅटरीच्या बाबतीत वैद्यनाथराव म्हणतील ती पूर्व दिशा. घोटाळा झाला तो इथेच.

बायको चंद्रमती. तिला एकच ध्यास होता, तुळजापूरला जाऊन भवानीची ओटी भरायची. माहेरच्या, सासरच्या तीन पिढ्यांत कुणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. पण बाई बाहेरचं पाणीसुद्धा तोंडात घेत नसे, आणि पंख्याशिवाय तिला श्वास पुरत नसे. म्हणून रावांनी एक जुनी मेटाडोर घेतली, आत दोन फळ्यांचे पलंग ठोकले, स्टोव्हला कोनाडा केला आणि पलंगाखाली दुसरी बॅटरी बसवली. गाडीच्या इंजिनाची बॅटरी वेगळी. ही फक्त पंखा आणि दिव्यासाठी. गल्लीने गाडीचं नाव ठेवलं, ओडुम वीडु. म्हणजे पळतं घर.

शहाण्णव साली क्रिकेटचा विश्वचषक आला, आणि त्याच्याबरोबर तंजावूरचे वीज जाण्याचे खेळही रंगले. रावांकडे बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होता. त्यांनी पळत्या घरातली बॅटरी उपसून ओसरीवर आणली. मग काय विचारता! सगळी गल्ली ओसरीवर, आणि मधोमध राव. टीव्हीचं चित्र आक्रसून टिचभर होईपर्यंत रोज ती बॅटरी पिळली. अशी तळ गाठलेली बॅटरी लगेच भरून ठेवावी लागते, नाहीतर आतल्या पत्र्यांवर पांढरी खपली धरते आणि ती कायमची जाते. हे एक्स्चेंजमध्ये नव्या पोरांना दम देऊन शिकवणारे राव! भारत हरला त्या रागात त्यांनी बॅटरी कोपऱ्यात ढकलली आणि महिनाभर तिच्याकडे पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भरायला लावली. आम्ल मोजायच्या नळीतला तरंगता काटा वर येईना. रावांना कळलं, बॅटरी गेली. पण मुहूर्त ठरलेला, ओटीचं खण-नारळ बांधून ठेवलेलं. होईल काहीतरी, असं म्हणून त्यांनी नळी धुऊन ठेवून दिली.

पहिल्याच मुक्कामाला, करूरच्या पुढे, पंखा घरघरला आणि थांबला. चंद्रमतीचा जीव इतका कासावीस झाला की उजाडताच गाडी माघारी वळवावी लागली. वाटेत ती घाबरत म्हणाली, "ओ, एक सांगूं? निघताना मी बॅटरीलाही कावेरीचं तीर्थ घातिलं. तुम्ही महिन्या-महिन्याला पाणी घालतां कीं, तसंच. सहाही तोंडांत, थोडं थोडं."

तेवढ्याशा पाण्याने बॅटरी मरत नाही. हे रावांइतकं साऱ्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ते म्हणाले, "मग तेच झालं." चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि गाडी हाकत राहिले.

चंद्रमती भांडली असती तर बरं झालं असतं. पण देवीच्या वाटेवर, देवीच्याच नावाचं पाणी आपल्या हातून विष झालं, हे तिच्या मनाने घेतलं. दर शुक्रवारी ती निर्जळी उपास करू लागली. रावांच्या पुढे पान मांडायची, सांबार वाढायची आणि समोर बसून हातपंख्याने वारा घालायची. राव जेवायचे. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगणं इतकं जड झालं की शेवटी त्यांनी ते उचलायचंच सोडलं. स्वतःची लाज वाटत होती आणि भूकही लागत होती.

वर्षानंतर त्यांनीच नव्या बॅटरीचा विषय काढला. चंद्रमती म्हणाली, "आता कशाला? देवीला माझी ओटी नको आहे." तरी ते तिला दुकानात घेऊन गेले. तेव्हा गावात नवी दुकानं निघाली होती, काचेची, थंडगार, आणि आत टाय लावलेले विक्रेते. कल्याणराम नावाच्या विक्रेत्याने एक चकचकीत पेटी पुढे केली. सगळीकडून बंद, पाणी घालायचं कामच नाही. शेजारी दुसरी होती, ओबडधोबड, जाड पत्र्यांची, वर सहा बुचं. पंख्यासारखं रात्रभर सावकाश चालणारं काम या दुसरीचं. पहिली गाडीचं इंजिन सुरू करायला ठीक. रावांनी दुसरीवर हात ठेवला.

"ती नको," चंद्रमती झटकन म्हणाली, आणि विक्रेत्याकडे वळून, त्याला धाकटा भाऊ म्हणत, तमिळमध्ये बोलली, "तंबी, तोंड बंद असलेली दे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

रावांचा हात त्या बुचांवरच राहिला. चकचकीत पेटी घेतली असती तर सगळं झाकलं गेलं असतं, जन्मभर. पण तिचा हात, ज्याने वर्षभर वारा घातला, त्याच्याबद्दल ती परक्यापाशी असं बोलली, आणि ते त्यांना सोसवेना.

"चंद्रमती, तीर्थानं काही झालं नव्हतं. बॅटरी मी मारिली. क्रिकेट बघून. निघायच्या आधी मला ठाऊक होतं."

कल्याणरामला मराठी कळत नव्हतं, तरी तो दोन पावलं मागे सरकला. चंद्रमतीने एवढंच विचारलं, "तीर्थाचं काही चुकलं न्हवतं?"

"नाही."

"माझ्या हाताचंही?"

"नाही गं."

तिने डोळ्यांना पदर लावला, कावेरीच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली, "तंबी, हे म्हणतात ती दे." रावांना वाटलं, सुटलो.

बॅटरी आली, भरली, पलंगाखाली बसली. पुढच्या सोमवारी निघायचं ठरलं. मध्ये शुक्रवार आला. राव सवयीने पाटावर जाऊन बसले. चंद्रमतीने एकच पान मांडलं, भात वाढला, वर तूप घातलं, आणि त्या पानावर स्वतः बसली. मग हातपंखा उचलून रावांच्या हातात दिला.

"आतापासून शुक्रवार तुमचे," ती म्हणाली, आणि पहिला घास घेतला.

राव वारा घालू लागले.